जिंकणार कोण?



कुस्तीची दंगल असो, कबड्डीचा सामना असो की बॉक्सिंगची लढत, आपल्या माणसांना खेळ सुरू होण्याच्या आधीच निकाल हवा असतो. खामगावातील कोणत्याही पानठेल्यावर पाच मिनिटे उभे राहा. "हा उंच आहे, हाच मारणार." "तो दोन वेळा हरलेला आहे, त्याच्यात दम नाही." असे निकाल सुपारी कातरता कातरता लागत असतात. बोलण्याला पैसे पडत नाहीत, म्हणून हरकत नाही. पण अशा बोलण्यावरून जेव्हा घरातले निर्णय होऊ लागतात, तेव्हा मात्र जरा थांबून विचार केला पाहिजे. दोन अगदी वेगळ्या धाटणीचे खेळाडू समोरासमोर आले, तर कोण जिंकेल हे आधी सांगता येते काय? आणि येत असेल, तर कशावरून?

या बाबतीत साऱ्या जगाचे भाकीत एकदा कसे कोसळले, ते आधी सांगतो. ज्येष्ठ वाचकांना ती लढत आठवत असेल.

३० ऑक्टोबर १९७४. आफ्रिकेतील झैर, म्हणजे आजच्या काँगो देशाची राजधानी किन्शासा. हेवीवेट गटाच्या विश्वविजेतेपदाची लढत पहाटे चारच्या सुमारास सुरू झाली. एका कोपऱ्यात विश्वविजेता जॉर्ज फोरमन, वय २५. तोपर्यंत ४० लढती, ४० विजय. त्यापैकी ३७ लढती त्याने शेवटपर्यंत जाऊच दिल्या नव्हत्या. ठोसा म्हणजे घणाचा घाव! दुसऱ्या कोपऱ्यात मुहम्मद अली, वय ३२. व्हिएतनामच्या युद्धासाठी सैन्यात भरती होण्यास त्याने १९६७ साली नकार दिला, म्हणून त्याचे विजेतेपद काढून घेण्यात आले होते. ऐन उमेदीची साडेतीन वर्षे त्याला रिंगणात पाऊल टाकता आले नाही. तो परत आला तेव्हा पायातली पूर्वीची चपळाई थोडी कमी झाली होती.

आता हिशेब पाहा. जो फ्रेझियरने मार्च १९७१ मध्ये अलीला १५ फेऱ्यांत गुणांवर हरवले. केन नॉर्टनने मार्च १९७३ मध्ये अलीचा जबडा मोडला व त्याला हरवले. अलीने पुढे दोघांचीही परतफेड केली, पण तीही गुणांवर, घाम गाळून. आणि फोरमनने? फ्रेझियरला दोन फेऱ्यांत संपवले, नॉर्टनलाही दोनच फेऱ्यांत संपवले. म्हणजे 'अ'ने 'ब'ला लोळवले, 'ब'ने 'क'ला हरवले, मग 'अ' हा 'क'ला हरवणारच! शाळेतल्या गणिताप्रमाणे यात चूक काढता येत नाही. सट्टेबाजांचा भाव फोरमनच्याच बाजूने होता. अलीचा जीव तरी वाचेल काय, अशी काळजी त्याच्या चाहत्यांना वाटत होती.

मी वाणिज्य शाखेचा माणूस. नोकरीही कारकुनाची, म्हणून मला ताळेबंद वाचण्याची खोड आहे. ताळेबंद ३१ मार्चपर्यंत काय घडले ते सांगतो. जो व्यवहार झालाच नाही, त्याची नोंद त्यात नसते. फोरमनचा ताळेबंद त्या दृष्टीने वाचा. मागच्या आठ लढतींत त्याला दुसऱ्या फेरीच्या पुढे जावेच लागले नव्हते. लोकांना त्यात त्याची ताकद दिसली. पण त्याच नोंदीचा दुसरा अर्थ असा, की सातव्या-आठव्या फेरीत दमलेला फोरमन कसा दिसतो, हे कोणीच पाहिले नव्हते. हा प्रश्न त्याला कोणी विचारलाच नव्हता.

अलीने तो विचारला. पहिल्या फेरीत त्याने पुढे येऊन ठोसे लगावले. पण दुसऱ्या फेरीपासून तो दोरांना पाठ टेकून उभा राहिला. दोन्ही हात चेहऱ्यापुढे, कोपरे बरगड्यांशी. ये बाबा, मार किती मारायचे ते! त्याचे स्वतःचे प्रशिक्षकही ओरडत होते, "दोरांवरून बाजूला हो." दोर सैल होते, त्यामुळे अली मागे रेलला की कितीतरी ठोसे हवेत जात, पुष्कळसे हातांवर झेलले जात. काही लागलेही, आणि ते सहन करणे सोपे नव्हते. त्या उकाड्यात फोरमन मारून मारून थकला. पाचव्या फेरीनंतर त्याचे हात जड झाले. आठवी फेरी संपत आली असता अली दोरांवरून निघाला, भराभर ठोसे बसले आणि फोरमन गिरकी घेत खाली कोसळला. पंचाने दहा अंक मोजले. संपले!

गंमत अशी, की फ्रेझियरला फोरमन कधीच झेपला नाही. १९७६ साली पुन्हा लढले, पुन्हा फ्रेझियरच हरला. म्हणजे फोरमन फ्रेझियरला भारी, फ्रेझियर अलीला (निदान एकदा) भारी, आणि अली फोरमनला भारी. यात वरचा कोण, खालचा कोण? धाटणी बदलली की उत्तर बदलते.

भाकितात आणखी एक खोट असते, ती आपल्या वाचकांना जास्त ओळखीची वाटेल. १९०८ साली जॅक जॉन्सन हा पहिला काळा हेवीवेट विश्वविजेता झाला. गोऱ्या अमेरिकेला ते पचले नाही. अपराजित निवृत्त झालेल्या जेम्स जेफ्रीज या जुन्या विजेत्याला शेतावरून उठवून परत आणले. त्याची पाच वर्षांत एकही लढत झाली नव्हती, वजन अतोनात वाढलेले होते ते घटवावे लागले. तरी सट्ट्याचा भाव त्याच्याच बाजूने! कारण काय, तर तो गोरा. काळ्या माणसाला पोटात मार सोसत नाही, तो शेवटी कच खातो, असे त्या काळी खुशाल छापून येत असे. ४ जुलै १९१० रोजी रीनो शहरात जॉन्सनने पंधराव्या फेरीत त्याला खाली आणले. त्यानंतर अनेक शहरांत काळ्या वस्त्यांवर हल्ले झाले, माणसे मारली गेली. भाकीत खोटे ठरले याचा राग जिंकणाऱ्याच्या भाऊबंदांवर काढला! रिंगणात दोन माणसे होती, पण पाहणाऱ्यांनी त्यांची जात पाहिली.

याचा अर्थ दुबळ्या बाजूवर डोळे मिटून भरवसा ठेवावा, असा नव्हे. मायेपोटी केलेले भाकीतही तितकेच फसवे असते. ऑक्टोबर १९८० मध्ये ३८ वर्षांचा अली लॅरी होम्सपुढे उभा राहिला, तेव्हा असंख्य लोकांना वाटले की किन्शासाचा चमत्कार पुन्हा होईल. झाला नाही. दहाव्या फेरीनंतर त्याच्या कोपऱ्यानेच लढत थांबवली. आपल्या देशातलेही उदाहरण आहे. डिसेंबर २०१९ मध्ये दिल्लीला ५१ किलो गटाच्या निवड चाचणीत मेरी कोम आणि निखत झरीन समोरासमोर आल्या. निखत आपल्या नांदेडच्या पलीकडच्या निजामाबादची, २३ वर्षांची, पायात वेग. मेरी छत्तिशी ओलांडलेली. तरुण रक्तच जिंकणार म्हणणारे पुष्कळ होते. मेरी ९-१ ने जिंकली. मग निखत संपली काय? २०२२ साली इस्तंबूलला आणि २०२३ साली दिल्लीला ती विश्वविजेती झाली.

हे सारे लिहिण्याचे कारण आता सांगतो. आमच्या वस्तीतील एक शाळकरी मुलगी येत्या रविवारी अकोल्याला लढणार आहे. तिचे वडील बाजार समितीत हमाली करतात. मागच्या आठवड्यात ते रात्री घरी आले, बराच वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "भाऊ, मले एकच सांगा. पोरगी जितन का? समोरची लय लंबी हाय म्हन्तात. मार खाऊनच याचं असन, तं कायले न्या? एक दिवसाची रोजी बी बुडते." घरात आजीचा विरोध आहेच. नाक मोडले तर पुढे लग्नाचे काय, असे ती विचारते. पानठेल्यावरच्या मंडळींनी निकाल आधीच लावून टाकला आहे: हरणार.

मी त्या दोघी मुलींच्या लढती पाहिल्या आहेत, म्हणून माझे मत लिहितो.

आपल्याकडच्या दंगलीत जोड नजरेने लावतात. बॉक्सिंगमध्ये ती तराजूने लागते. दोघी एकाच वजनगटात आहेत, हे पहिल्याने ध्यानात घ्यावे. सारख्या वजनात जी उंच, तिचे वजन उंचीवर पसरलेले असते. हात लांब, पल्ला लांब. पण अंग सडपातळ. जी ठेंगणी, ती भरीव असते. उंच मुलीचे काम समोरचीला लांब ठेवण्याचे. डावा हात सरळ पुढे, टक, टक, आणि पाय मागे. ठेंगणीचे काम त्या हाताखालून आत शिरण्याचे. लांब हात जवळून मारताना अडचणीचे होतात. तेव्हा उंची पाहून निकाल सांगू नये. अंतर कोण ठरवते, ते पाहावे.

समोरची मुलगी चांगली आहे, हे मान्य केले पाहिजे. तिचा डावा हात सुरेख आहे. पण तिच्या ज्या लढती मी पाहिल्या, त्यांत कोणी आत शिरलेच नाही. सगळ्या मुली लांब उभ्या राहून मार खात राहिल्या. आपली मुलगी आत शिरते. सकाळी पाण्याचे हंडे भरून मग धावायला जाणारी पोर, तिसऱ्या फेरीत तिचे पाय जड होत नाहीत. तिचा दोष असा, की ठोसा मारल्यावर उजवा हात खाली राहतो. तो तिने गालाशी परत आणलाच पाहिजे. प्रशिक्षकांनी तिला हे शंभरदा सांगितले आहे.

माझे भाकीत असे आहे. पहिली फेरी समोरचीची. दुसऱ्या फेरीत बरोबरी. तिसऱ्या फेरीत आपल्या मुलीचा उजवा हात वर राहिला, तर ती गुणांवर जिंकेल. खाली राहिला, तर हरेल. गुण देणारे पंच पाच असतात, तेव्हा निकाल थोडा इकडेतिकडे होऊ शकतो. मात्र कोणी तिला पहिल्याच फेरीत लोळवील, हे मला पटत नाही. डोक्याला संरक्षक टोप असतो, दातांवर पट्टी असते, डॉक्टर बसलेला असतो आणि मार जास्त होतो असे दिसताच पंच लढत थांबवतो. हे मी आजीलाही समजावून सांगितले. ती पूर्ण राजी झालेली नाही, पण "मंग जाऊ द्या" इतके म्हणाली.

पानठेल्यावरच्या दोघा-तिघा तरुणांनी या लढतीवर शंभर-शंभराची पैज लावल्याचे कानावर आले आहे. फोनवरच्या पैशांच्या खेळांवर केंद्र सरकारने २०२५ साली कायद्याने बंदी घातली, तरी ही खुमखुमी जात नाही. त्यांनी तेच शंभर रुपये तिच्या बुटांसाठी द्यावेत. तिचे बूट उसने आहेत आणि एक नंबर मोठे आहेत.

अकोला आपल्यापासून पन्नासएक किलोमीटर. तेथील क्रीडा प्रबोधिनीत आपल्याच बुलडाणा जिल्ह्यातील अनंता चोपडे तयार झाला आणि जुलै २०१९ मध्ये इंडोनेशियातील प्रेसिडेंट्स कप स्पर्धेत ५२ किलो गटाचे सुवर्णपदक घेऊन आला. अंतिम लढतीत त्याने अफगाणिस्तानच्या खेळाडूला ५-० ने हरवले होते. तो तेथे पहिल्यांदा सरावाला गेला, तेव्हा त्याच्याविषयी कोणत्या पानठेल्यावर काय भाकीत झाले असेल कोण जाणे!

वडील यायला तयार झाले आहेत. त्यांची एक दिवसाची रोजी आम्ही चार-पाच जण मिळून भरून देणार आहोत. त्यांनी आधी नको म्हटले, मग उसने म्हणून घेतले. वजन सकाळी लवकर होते, म्हणून मुलीला उपाशीपोटी न्यावे लागेल. वजन झाल्याबरोबर खायला केळी, भाकरी आणि गूळ सोबत घ्यायचे आहे. भाकरीचे शेजारच्या ताईंनी मान्य केले आहे. रविवारी पहाटेच्या पहिल्या एस.टी.ने निघायचे. ज्यांना यायचे असेल त्यांनी शनिवारी रात्रीपर्यंत कळवावे. आणि रिंगणाजवळ बसून ओरडायचेच असेल, तर एवढेच ओरडावे: "हात वर!"