बोलिव्हियाला जाताना घाई घरीच ठेवा

दक्षिण अमेरिकेच्या सहलींच्या जाहिराती आता विदर्भातल्या तालुक्याच्या गावांपर्यंत येऊन पोहोचल्या आहेत. पेरूचे माचू पिच्चू, ब्राझीलचे रिओ आणि त्यांच्या जोडीला ‘बोलिव्हिया : तीन दिवस, दोन रात्री’. हा देश किती उंचावर आहे, हे मात्र त्या रंगीत कागदावर कुठेच छापलेले नसते. अशा सहलीला निघालेली मंडळी माझ्याकडे ‘प्रवासाच्या गोळ्या’ लिहून घ्यायला येतात, तेव्हा मी आधी सहलीचा कार्यक्रम पाहायला मागतो. माझे स्पष्ट मत असे, की बोलिव्हियाच्या बाबतीत तो कार्यक्रम हाच औषधाचा पहिला कागद आहे. तो चुकीचा असेल तर माझ्या गोळ्यांचा फारसा उपयोग नाही.

उंचीचा हिशेब पाहा. आपल्या राज्यातले सर्वांत उंच शिखर कळसूबाई, १,६४६ मीटर. लेहला जाऊन आलेले लोक थकव्याच्या गोष्टी सांगतात, ते सुमारे ३,५०० मीटरवर. बोलिव्हियाचे सरकार जेथून चालते ते ला पाझ शहर सुमारे ३,६०० मीटरवर आहे आणि त्याचा विमानतळ शेजारच्या एल आल्तो येथे, ४,०६० मीटरवर! विमानाच्या आत हवेचा दाब साधारण २,४०० मीटर उंचीइतका राखलेला असतो. म्हणजे येथे दार उघडून प्रवासी बाहेर पडतो तो विमानातल्यापेक्षाही विरळ हवेत. समुद्रसपाटीच्या तुलनेत प्रत्येक श्वासात त्याला प्राणवायू मिळतो साठ टक्क्यांच्या आसपास.

फुटबॉलच्या शौकिनांना १ एप्रिल २००९ चा सामना आठवत असेल. मॅराडोनाच्या मार्गदर्शनाखालील, मेस्सी असलेला अर्जेंटिनाचा संघ ला पाझमध्ये ६-१ असा हरला. तरण्याताठ्या खेळाडूंची ही गत, तर साठी ओलांडलेल्या, मधुमेह-रक्तदाब सांभाळणाऱ्या आपल्या मंडळींनी उतरल्या दिवशीच शहरदर्शनाला का निघावे?

तेथील लोक या त्रासाला ‘सोरोचे’ म्हणतात. पोहोचल्यावर काही तासांत डोके दुखू लागते, अन्नावरची वासना जाते, मळमळते, रात्री झोप लागत नाही. बहुतेकांना एक-दोन दिवसांत आराम पडतो. पण बसल्या जागी धाप लागणे, खोकल्यातून फेस किंवा गुलाबी थुंकी पडणे, दारू प्यायल्यासारखा तोल जाणे, बोलण्यात असंबद्धता येणे, ही लक्षणे फुफ्फुसात किंवा मेंदूत पाणी साचल्याची आहेत. तेथे सकाळपर्यंत वाट पाहायची नसते. प्राणवायू लावावा आणि रुग्णाला ताबडतोब खाली, कमी उंचीवर न्यावे. सहप्रवाशांची सहल बुडेल म्हणून दुखणे लपवणारे लोक आपल्याकडे पुष्कळ आहेत, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

मग जावे कसे? बोलिव्हियात सांताक्रूझ हे मोठे शहर सुमारे ४०० मीटरवरच आहे. तेथे उतरावे. मग कोचाबांबा (सुमारे २,५५० मीटर) किंवा सुक्रे (सुमारे २,८०० मीटर) येथे दोन-तीन रात्री काढाव्यात. सुक्रे ही घटनेनुसार देशाची राजधानी, पांढऱ्या इमारतींचे सुंदर गाव आहे, तेथला वेळ वाया जात नाही. त्यानंतर ला पाझ, आणि तेथेही मुक्काम शहराच्या दक्षिणेकडील सखल भागात. पेरूतील कुस्को (सुमारे ३,४०० मीटर) येथे काही दिवस राहून येणाऱ्यांचे शरीर थोडेफार सरावलेले असते, त्यांची गोष्ट वेगळी. सहल कंपनी म्हणेल, चार रात्रींचा खर्च वाढतो. वाढू द्यावा. परवडत नसेल तर बोलिव्हिया गाळून पेरूच नीट पाहावे.

ॲसेटाझोलामाइड नावाची गोळी शरीराला उंचीची सवय लवकर लावते. साधारणपणे १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढण्याच्या आदल्या दिवसापासून देतात. बोटांना मुंग्या येतात, लघवी जास्त होते, त्याने घाबरू नये. सल्फाची ॲलर्जी किंवा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती घेऊ नये. पहिले दोन दिवस मद्य आणि झोपेची गोळी, दोन्ही वर्ज्य. रक्तदाबाच्या गोळ्या मात्र एक दिवसही चुकवू नयेत.

आता जो मुद्दा सहल कंपनी कधीच सांगणार नाही, तो. आपल्या विदर्भात आणि नंदुरबारकडे सिकलसेल पुष्कळ आढळतो. ज्यांना प्रत्यक्ष आजार आहे, त्यांनी ला पाझचा विचारही करू नये. पण ज्यांच्यात एकच सदोष जनुक आहे असे ‘वाहक’ आयुष्यभर ठणठणीत असतात आणि अनेकांना आपण वाहक आहोत हे ठाऊकही नसते. अशा माणसाला अतिउंचीवर, विरळ हवेत, प्लीहेचा रक्तपुरवठा तुटून डाव्या बरगडीखाली एकाएकी भयंकर कळ येऊ शकते. असे प्रत्येक वाहकाला होते असे नाही, पण झाले तर परमुलखातील डॉक्टरला ते सहजी सुचणारही नाही. म्हणून ज्यांच्या घरात वा नातेवाइकांत हा आजार आहे, त्यांनी तिकीट काढण्याआधी रक्त तपासून घ्यावे. २०२३ मध्ये राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली, शासकीय रुग्णालयात चौकशी केली की तपासणी होते. वाहक निघाल्यास ते इंग्रजीत आणि स्पॅनिशमध्ये लिहिलेली चिठ्ठी पासपोर्टात ठेवावी.

दुसरा धोका डोंगराच्या खालच्या अंगाला आहे. अँडीजच्या पूर्वेकडे २,३०० मीटरपेक्षा सखल भागात, म्हणजे वर सांगितलेल्या सांताक्रूझकडेही, डासांमुळे पीतज्वर होतो. त्याला नेमके औषध नाही. लस मात्र उत्तम आहे. ती गल्लीतल्या दवाखान्यात मिळत नाही, सरकारमान्य केंद्रातच घ्यावी लागते, आणि तिचे प्रमाणपत्र दहा दिवसांनी लागू होते. २०१६ पासून ते आयुष्यभर चालते. आपल्याकडे पीतज्वर नाही, पण तो पसरवणारा एडिस डास घरोघरी आहे. त्यामुळे बोलिव्हियाहून परतताना हे प्रमाणपत्र नसेल तर विमानतळावर सहा दिवसांपर्यंत वेगळे ठेवले जाऊ शकते, मग आपण फक्त ला पाझ पाहिले असले तरी! अंड्याची तीव्र ॲलर्जी, प्रतिकारशक्तीचे विकार किंवा साठीपुढचे वय असेल तर लशीबद्दल डॉक्टरांशी आधी बोलावे.

खाण्यापिण्याची आबाळ होत नाही. आपल्या उपवासाच्या ताटातला बटाटा, शेंगदाणा आणि साबुदाण्याचा कंद हे तिन्ही मूळ दक्षिण अमेरिकेचेच, त्यामुळे एकादशीकरांनी निश्चिंत असावे. शाकाहाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे, की शेंगदाण्याच्या सुरेख सूपातही बहुधा मांसाचा रस असतो, विचारून घ्यावे. ला पाझमध्ये पाणी ८८ अंशांच्या सुमारास उकळते, म्हणून पिण्याचे पाणी तीन मिनिटे खळखळू द्यावे.

उयूनी येथील मिठाचे मैदान दहा हजार चौरस किलोमीटरहून मोठे, सगळे पांढरेशुभ्र. तेथे गडद चष्मा नसेल तर सायंकाळपर्यंत डोळ्यांत खडे टोचल्यासारखे होते. रात्री पाणी गोठते, तेव्हा इन्सुलिन अंगाजवळ, पांघरुणात ठेवावे.

हॉटेलात कोकाच्या पानांचा चहा देतात. तो तेथे कायदेशीर आहे. उंचीवर त्याचा गुण किती, याचा भक्कम पुरावा नाही, पण घोटभर प्यायला हरकत नसावी. फक्त त्यानंतर काही दिवस लघवीच्या चाचणीत अमली द्रव्य दिसू शकते, हे नोकरीत अशा चाचण्या होणाऱ्यांनी लक्षात घ्यावे. आणि त्याची पुडी भेट म्हणून घरी मुळीच आणू नये. आपल्याकडे १९८५ च्या कायद्याने तो गुन्हा आहे, आणि विमानतळावर ‘हा चहाच आहे हो’ हे स्पष्टीकरण चालत नाही.