पत्रिका जुळली, संसाराचं काय?

एकेकटं अँटिबायोटिक जिथे हात टेकतं, तिथे दोन औषधांची जोडी लावून बघायची, ही कल्पना कुणालाही पटेल. पण जोडी जमली, हे ठरवायचं कसं? सगळी गंमत इथेच आहे. (रोग्याच्या दृष्टीने गंमत नाहीच म्हणा.)

सगळ्यात लोकप्रिय पद्धत चेकरबोर्ड. ९६ खळग्यांची प्लेट घ्यायची. आडवं एका औषधाचं प्रमाण दुपटीने वाढवत न्यायचं, उभं दुसऱ्याचं. जंतू घालून रात्रभर ठेवायची आणि सकाळी कुठले खळगे गढूळ, कुठले स्वच्छ ते बघायचं. समजा, एकेकट्याने वाढ थांबवायला ८ आणि १६ लागतात, जोडीने २ आणि ४ पुरले. पाव अधिक पाव, ०.५. बेरीज ०.५ किंवा त्याखाली आली की 'सिनर्जी'! आता पहिलं औषध एकच खळगा सरकून ४ वर गेलं, तर बेरीज ०.७५ आणि सिनर्जी गायब. अन् एका खळग्याचा फरक या चाचणीत सर्रास पडतो, त्याला कोणी चूकसुद्धा म्हणत नाही.

दुसरी पद्धत टाइम-किल. यात ठरावीक तासांनी नमुना काढून जिवंत जंतू मोजतात. त्यातल्या जास्त प्रभावी एकट्या औषधापेक्षा जोडीने २४ तासांनी १०० पट कमी जंतू शिल्लक ठेवले, तर सिनर्जी. मला हीच जास्त प्रामाणिक वाटते. चेकरबोर्ड वाढ थांबली एवढंच सांगतो, जंतू मेले की दबा धरून बसलेत ते नाही. अर्थात टाइम-किल किचकट, त्यामुळे मोजकीच प्रमाणं तपासून होतात. दोन्हींचे निकाल नेहमी जुळत नाहीत, पण पेपरात शब्द एकच!

ही नुसती शब्दांची कटकट नाही. इस्राएल, ग्रीस आणि इटलीतल्या ४०६ रोग्यांवरच्या चाचणीचे निकाल २०१८ साली आले. बहुतेकांना कार्बापेनेमला न जुमानणारा असिनेटोबॅक्टर. काहींना नुसतं कोलिस्टिन, काहींना सोबत मेरोपेनेम. उपचार फसले ७९ आणि ७३ टक्के लोकांत, म्हणजे जोडीचा ठोस फायदा सिद्ध झाला नाही. मग त्याच रोग्यांच्या जंतूंवर चेकरबोर्ड लावला. २०२० साली छापून आलं की प्लेटमध्ये सिनर्जी दिसली म्हणून रोगी जास्त बरे झाले, असं काही नाही. युनिट टेस्ट पास आणि प्रॉडक्शन बोंबललं, हे आयटीवाल्यांना वेगळं सांगायला नको. प्लेटमध्ये औषध एकदा घातलं की झालं, शरीरात मात्र त्याची पातळी सतत चढते-उतरते.

म्हणून माझं म्हणणं, चेकरबोर्ड चाळणी म्हणून वापरा, पण 'सिनर्जी' हा शब्द टाइम-किल केल्याशिवाय लिहू नका, आणि तोही रक्तात खरोखर गाठता येणाऱ्या प्रमाणांवर. माणसं नाहीत, वेळ नाही म्हणत असाल, तर निदान तोच चेकरबोर्ड तीनदा लावा की राव!