नजर उतरवणारा काळा गोळा, आणि छातीत बसलेली धूळ

गाडीच्या डॅशबोर्डवर, दुकानाच्या गल्ल्यावर, नव्या फ्लॅटच्या शोकेसमध्ये सध्या काळा गुळगुळीत गोळा दिसू लागलाय. ऑब्सिडियन. नजर लागत नाही म्हणे. ठेवा बापडे. पण तो गोल कसा झाला, हे कुणी विचारतं का?

आपला सातपुडाही लाव्हाचाच, पण आपला दगड बेसाल्ट. ऑब्सिडियन म्हणजे ज्वालामुखीची काच, ती मेक्सिकोसारख्या देशांतून येते. गोळा करायचा तर आधी चौकोनी तुकडा कापायचा, कोपरे उडवायचे, मग फिरत्या चाकावर तासन् तास घासायचं. शेवटी पॉलिश. सोबतच्या ताटात अकीक आणि स्फटिकाचे गोळे असतात, तेही असेच घडतात.

दगड घासायचं आपल्या जवळचं जुनं केंद्र म्हणजे गुजरातचं खंभात. अक्कलकुव्यातून डेडियापाडा-नेत्रंगकडे उतरलं की पुढे रतनपूर लागतं, तिथला अकीक पिढ्यान् पिढ्या खंभातला जातो. खंभातच्या अकीकाला भौगोलिक मानांकनही आहे. घासणाऱ्याला काय आहे? सिलिकोसिस!

खरं ते सांगतो. ऑब्सिडियन काच आहे, फुफ्फुस खाणारा स्फटिकरूप सिलिका तिच्यात फार थोडा. अकीक आणि गारगोटी मात्र जवळपास सगळी तीच. काम घरच्या ओट्यावर, चार-पाच माणसांत. म्हणजे कारखाना कायद्याच्या बाहेर, आणि निरीक्षक फिरकतच नाही. दगडावर पाण्याची धार सोडली, धूळ ओढणारा पंखा लावला तर बराच फरक पडतो. तोंडाला रुमाल बांधून काही होत नाही, बारीक धूळ त्यातून आरपार जाते. एकदा फुफ्फुसात बसली की औषध नाही.

‘हा गुजरातचा विषय, आपल्याला काय?’ असं म्हणणाऱ्यांनी नर्मदेपलीकडे बघावं. अलिराजपूर, झाबुआचे आदिवासी गोध्र्याला गारगोटी दळायच्या कारखान्यांत गेले आणि खोकत परत आले. 238 मृतांच्या वारसांना प्रत्येकी 3 लाख द्या, असं मानवी हक्क आयोगाने 2010मध्ये सांगितलं. पैसे द्यायला लावण्यासाठी 2016मध्ये सर्वोच्च न्यायालयाला आदेश काढावा लागला. धडगावचे आणि अलिराजपूरचे सोयरे-धायरे एकच आहेत. कामाला जायची दिशाही एकच.

आणि आपल्याकडे माणूस खोकत परत आला की काय होतं? टीबीचा कोर्स. बरा नाही झाला तर दुसरा कोर्स. गेला की ‘दारूने गेला’, ‘विडीने गेला’. सिलिकोसिस झालेल्याला टीबीही लवकर धरतो, त्यामुळे निदान चुकीचंच असतं असंही नाही, अर्धवट असतं. त्या अर्ध्यावर नुकसानभरपाई बुडते, कारण कागदावर धूळच नाही. मालकाचं नाव मुकादमाला माहीत, आणि मुकादमाचा फोन बंद.

मागणी मोठी नाहीये. टीबीच्या प्रत्येक पेशंटला एक प्रश्न विचारा: कुठे, काय काम केलंस, किती वर्षं? दगडाचं उत्तर आलं की छातीचा एक्स-रे आणि सिलिकोसिसची तपासणी जिल्हा रुग्णालयातच झाली पाहिजे. राजस्थानने 2019मध्ये धोरण करून प्रमाणपत्र मिळताच 3 लाख आणि मृत्यूनंतर वारसांना 2 लाख ठरवले. तसंच आपल्या मजुरालाही मिळालं पाहिजे, काम त्याने कुठल्याही राज्यात केलेलं असो.

जिल्ह्यात आमदार चार. चौघांनाही या पोस्टखाली टॅग केलंय. उत्तर आलं तर इथेच टाकेन.