फाटलेलें पान

आमच्या घरीं सकाळीं सहापासून नवापर्यंत जें कांहीं चालतें, त्यास परकें मनुष्य भांडण म्हणेल; आम्ही त्यास शाळेची तयारी म्हणतों. न्हाणीघर एक, मुलें तीन, आणि त्यांतून नळाला पाणी येण्याचा दिवस असला तर थोरल्या सूनबाई हंड्यांपाशीं अडकलेल्या. नातू तिसरींत, नात पहिलींत, आणि धाकट्या चिरंजीवांची कन्या अद्याप बालवाडींत. एकाचा मोजा सांपडत नाहीं, दुसरीची वेणी अर्धीच झालेली असते, तिसरी दुधाच्या पेल्याकडे हाडवैऱ्याकडे पाहावें तशी पाहत बसलेली असते. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळीं नवाच्या आधीं भरवूं नयेत, असा आदेश शासनानें २०२४ च्या फेब्रुवारींत काढला, तेव्हां आमच्या कुटुंबानें देवापुढें साखर ठेवली. मुलांची झोप वाढली, हें खरें. गडबड मात्र होती तेवढीच राहिली. ती फक्त घड्याळांत पुढें सरकली.

एकत्र कुटुंबांत मुलांस माणसांची वाण पडत नाहीं, ही गोष्ट आम्ही नेहमीं अभिमानानें सांगतों. या वर्षीं तिची दुसरी बाजू आम्हांस दिसली. मुलाचा अभ्यास कोणी पाहिला, असें विचारलें तर आईला वाटतें काकूनें पाहिला असेल, काकूला वाटतें आजोबा शिक्षक होते, तेच पाहत असतील. आणि आजोबा वर्तमानपत्र वाचीत असतात. सात सुगरणी आणि भाजी अळणी, ही म्हण स्वयंपाकघरापुरतीच आहे, असें आम्ही इतके दिवस समजत होतों.

झालें तें असें. भाद्रपदांत महालक्ष्म्यांचे तीन दिवस घर पाहुण्यांनीं भरलेलें होतें. वैजापूरची मंडळी होती, लासूरचे व्याही होते. जेवणाच्या दिवशीं पानें किती मांडलीं तें मोजून ये, म्हणून कोणी तरी नातवास पिटाळलें. तो धांवत जाऊन आला आणि मोठ्या उत्साहानें म्हणाला, "वीस सात!" सारी पंगत हंसली. त्यांत सर्वांहून मोठा आवाज आमचा होता. "आमच्या वर्गांत असा मोजणारा असता, तर दाराबाहेर उभा राहिला असता," असेंहि आम्ही वर म्हणालों. मुलगा कांहीं बोलला नाहीं. तो पुरणपोळी न मागतां उठला, हें आमच्या कुटुंबाच्या ध्यानांत आलें. आमच्या आलें नाहीं.

गौरी-गणपति उठल्यानंतर आठवड्याभरानें निर्माल्याची बादली रिकामी करण्याचें काम आम्हीं हातीं घेतलें. पूर्वीं तें आम्ही कायगांवास नेऊन गोदावरींत सोडीत असूं. पैठणच्या धरणाचें पाणी मागें तेथवर फुगतें, आणि लोकांनीं सोडलेलें सारें कांठाला येऊन कुजतें, हें पाहिल्यापासून परसांत खड्डा करून पुरतों. तर त्या वाळल्या दूर्वांखालीं चार घड्या घातलेलें वहीचें पान निघालें. संख्यालेखनाचें पान होतें. बाईंनीं तोंडानें संख्या सांगावयाच्या, मुलांनीं अंकांत लिहावयाच्या. दहांपैकीं सहा चुकलेल्या. आणि खालीं लाल शाईनें, पालकांची सही आणावी, अशी सूचना.

आम्हीं तें पान शांतपणें बाजूला ठेवावयास हवें होतें. परंतु आम्हीं तें घरांत आणून माजघरांत सर्वांस दाखविलें. मुलाचे वडील वाळूजच्या कारखान्यांत कामास आहेत. आदल्या रात्रीं दुसरी पाळी करून मध्यरात्रीनंतर घरीं आले होते. त्यांनीं मुलास विचारलें, "हें तूं फाडलेंस?" मुलगा म्हणाला, "नाहीं." दुसऱ्यांदा विचारलें, पुन्हां "नाहीं." तेव्हां त्यांनीं त्याच्या गालावर एक ठेवून दिली.

पुढचें वर्णन एकत्र कुटुंबांतील वाचकांस करून सांगण्याचें कारण नाहीं. आजीनें मुलास पदराखालीं घेतलें. काकू म्हणाली, एवढ्याशा गोष्टीसाठीं मारतात का? आई म्हणाली, मार चुकीसाठीं नाहीं, खोटें बोलल्याबद्दल आहे. धाकटे चिरंजीव हल्लींच्या शाळांवर बोलूं लागले. आरोपी एक आणि न्यायाधीश सात! आम्हीं थोरल्यास म्हटलें, "अरे, लेंकराच्या गालावर हात टाकतोस?" त्यावर तो आवाज न चढवितां म्हणाला, "अण्णा, तुम्हीं मला याहून लहान गोष्टीसाठीं छडीनें मारलें होतें."

तें खरें होतें. चौथींत तो आमच्याच वर्गांत होता. त्यानें शेजाऱ्याच्या वहींतून गणितें उतरवून घेतलीं. दुसऱ्या मुलास आम्हीं एक छडी दिली आणि स्वतःच्या मुलास दोन दिल्या. मास्तरांनीं पक्षपात केला असें कोणी म्हणूं नये म्हणून. त्या वेळीं आम्हांस आमच्या न्यायबुद्धीचा फार संतोष वाटला होता. मुलगा ती गोष्ट विसरला असेल, अशी आमची समजूत होती. एवढ्या वर्षांत त्यानें ती एकदांहि काढली नव्हती.

अडतीस वर्षांच्या नोकरींत आमच्या टेबलावर छडी असे, आणि तिच्या समर्थनार्थ आमच्या जिभेवर संस्कृत असे. पतंजलींच्या महाभाष्यांत गुरूच्या मारणाऱ्या हाताला विष नव्हे, तर अमृत लागलेलें असतें, अशा आशयाचा श्लोक आहे. तो आम्ही पालकांच्या सभेंत म्हणत असूं. मनूनें दोरीनें किंवा वेळूच्या कांबीनें, पाठीवर, मस्तकावर कधींहि नाहीं, अशा मर्यादा घालून ताडनास मुभा दिली आहे, तेंहि सांगत असूं. ज्यांस असें मारावें म्हणून मनु म्हणतो, त्यांच्या यादींत मुलगा आणि शिष्य यांबरोबर भार्या आणि सेवकहि आहेत, हें मात्र आम्ही सांगत नसूं. आणि गौतमधर्मसूत्राचा तर उल्लेखहि कधीं केला नाहीं. तेथें पहिला नियमच असा आहे कीं शिष्यास मारल्यावांचून वळण लावावें. तें न साधलें तरच बारीक दोरी किंवा चिरलेली वेळूची कांब. आणि दुसऱ्या कशानें जो मारील त्यास राजानें शासन करावें. म्हणजे गुरूलाहि दंड आहे. हीं सूत्रें आम्हीं तरुणपणीं वाचलेलीं होतीं. सोयीचें तेवढें लक्षांत राहिलें, हा दोष सूत्रकारांचा नव्हे.

२००९ सालीं बालकांच्या शिक्षणहक्काचा कायदा झाला आणि १ एप्रिल २०१० पासून तो लागू झाला. त्याच्या सतराव्या कलमानें शाळेंतील मार बंद केला. आम्हीं त्या वर्षीं छडी कपाटावर टाकली. मनापासून टाकली असें म्हणणें खोटें होईल. शिक्षकांचे हात बांधले, आतां मुलें डोक्यावर बसतील, असें आम्ही शिक्षकांच्या खोलींत बोलत असूं. मुलें डोक्यावर बसलीं नाहींत. मात्र त्या कलमांत शारीरिक शिक्षेबरोबर आणखी एक गोष्ट निषिद्ध केलेली आहे, ती म्हणजे मानसिक छळ. आणि त्या शब्दांकडे आमचें लक्ष गेलें तें निवृत्तीनंतर, परवांच्या या प्रसंगानें. शाळेपुरता हा कायदा. घराच्या उंबऱ्याच्या आंत आपल्याकडे असें कलम नाहीं. स्वीडन देशानें १९७९ सालीं आईबापांसहि मुलांवर हात उगारण्याची मनाई केली; पण तेथील कायद्यांतहि आजोबांच्या हंसण्याची सोय कोणी केली असेल, असें वाटत नाहीं.

दुपारीं घर निजलें तेव्हां आम्हीं नातवास ओसरीवर बोलाविलें. प्रश्न विचारण्याची आमची जी मास्तरी पद्धत आहे ती त्या दिवशीं सुचली नाहीं, हें बरें झालें. शेंगा सोलीत बसलों. चार शेंगा झाल्यावर तो आपण होऊन म्हणाला, "बाबांना भिऊन नाहीं फाडलें."

"मग?"

"तुम्ही पुन्हां सगळ्यांपुढें हंसलां असतां."

आम्हीं तें पान पुन्हां उलगडून नीट पाहिलें. शिक्षक असूनहि सकाळीं आम्हीं तें पाहिलें नव्हतें, फक्त मिरविलें होतें. "चारशें सत्तावीस" असें बाईंनीं म्हटलें, तेथें मुलानें ४७२ लिहिले होते. "दोनशें एकोणसाठ" याचे २६९. "त्र्याऐंशी"चे ३८. चुका सहा दिसत होत्या. वस्तुतः चूक एकच होती आणि ती सहा ठिकाणीं झाली होती. कानावर जो अंक आधीं पडतो तो हात आधीं लिहितो. सत्तावीस म्हणतांना आपण सात आधीं उच्चारतों आणि वीस मागून. लिहितांना मात्र दोन आधीं. एकोणसाठांत तर साठ ऐकूं येतात आणि लिहावयाचे असतात पन्नास! संस्कृतापासून आलेली ही रीत आपल्या हाडांत इतकी मुरली आहे कीं तींत कांहीं अवघड आहे, हेंच आपण विसरलों.

येथें एका विदुषीचें स्मरण करणें आम्हांस प्राप्त आहे. २०१९ च्या जूनमध्यें बालभारतीचें दुसरीचें गणिताचें पुस्तक निघालें, त्यांत "वीस एक", "सत्तर दोन" असें संख्यावाचन दिलेलें होतें. केवढा गदारोळ झाला तो वाचकांस आठवत असेल. मराठी बुडाली म्हणून लेख आले, विधानसभेंतहि त्यावर विनोद झाले. गणिताच्या समितीच्या अध्यक्ष मंगलाताई नारळीकर होत्या. त्यांचें म्हणणें साधें होतें: जुनीं नांवें काढून टाकलेलीं नाहींत, जोडाक्षरांच्या आणि उलट क्रमाच्या त्या शब्दांनीं कित्येक मुलें गणितालाच भितात, म्हणून कानडी, तेलुगु इत्यादि दक्षिणेकडील भाषांत दशक आधीं म्हणण्याची जी रीत आहे, तशी एक वाट जोडीला ठेवली आहे. १७ जुलै २०२३ रोजीं त्या निवर्तल्या. त्या गदारोळांत आम्हीहि होतों. गंगापुरांतील चार समवयस्क निवृत्त मास्तर मिळून मारुतीच्या पारावर आम्हीं त्या पुस्तकाची यथेच्छ टवाळी केली होती. पुस्तक मात्र आमच्यापैकीं एकानेंहि उघडलेलें नव्हतें.

"वीस सात" म्हणणारा मुलगा चुकत नव्हता. दुसरींत शिकलेल्या वाटेनें तो आला होता, आणि बरोबर मोजून आला होता. पानें सत्तावीसच होतीं. आम्हीं हंसून त्याची ती वाट मोडली. मग त्यानें आजोबांच्या रीतीनें ऐकावयाचें ठरविलें, आणि सहा ठिकाणीं पडला.

वास्तविक या बाबतींत आमच्या घराण्यास तरी अधिक समज असावयास हवी होती. आमचे वडील निजामाच्या राजवटींत शिकले. १९४८ च्या सप्टेंबरांत मराठवाडा मुक्त झाला तोंपर्यंत शाळेंत उर्दू आणि घरीं मराठी. ते सांगत कीं अक्षरें उजवीकडून डावीकडे लिहावयाचीं, पण त्याच ओळींत संख्या आली कीं ती मात्र डावीकडून उजवीकडे. ही कसरत जमेपर्यंत मौलवीसाहेबांचा मार आणि घरीं आल्यावर आजोबांची थट्टा. मार ते हंसत सांगत. थट्टेविषयीं सांगतांना हंसत नसत. ही गोष्ट आम्हीं लहानपणीं अनेकदां ऐकली आहे.

संध्याकाळीं आम्हीं घरांतील सर्वांसमोर नातवास म्हटलें कीं, महालक्ष्म्यांच्या दिवशीं तुझें उत्तर बरोबर होतें आणि आमचें हंसणें चूक होतें. हें वाक्य तोंडांतून काढावयास आम्हांस फार वेळ लागला. पान फाडणें आणि "नाहीं" म्हणणें या दोन गोष्टी उरल्याच होत्या; त्या त्यानें बाईंस स्वतः सांगाव्या, असें त्याच्या आईनें ठरविलें, आणि तें योग्यच होतें. कुटुंबास तें कठोर वाटलें, अजूनहि वाटतें. थोरले चिरंजीव पाळीवर जावयास निघाले होते. त्यांनीं बूट घालतां घालतां मुलाच्या डोक्यावरून हात फिरविला. आम्हांस कांहीं बोलले नाहींत. आम्हीहि त्या दोन छड्यांविषयीं त्यांस कांहीं बोललों नाहीं. बोलावयाचें आहे, पण अद्याप सवड सांपडत नाहीं असें आम्ही स्वतःस सांगत असतों.

पान खळीनें वहींत चिकटविलें. सही कोणाची, असा प्रश्न निघाला तेव्हां मुलानें वही आमच्यापुढें धरली.

आतां रोज रात्रीं जेवणानंतर दहा संख्या आम्ही सांगतों आणि तो लिहितो. आधीं दशकाचें घर मोकळें ठेवून मनांत "वीस सात" म्हणावयाचें, मग लिहावयाचें, अशी त्यानेंच युक्ति काढली आहे. परवां एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणपन्नास अशी "एकोण"ची सारी माळ आम्हीं त्यास समजावून दिली: पुढच्या दशकाला एक उणा. एकोणनव्वदापर्यंत तो आनंदानें आला. मग थांबून म्हणाला, "आजोबा, मग नव्याण्णवला एकोणशंभर कां म्हणत नाहींत?"

संस्कृतांत दोन्हीं प्रकारांनीं म्हणतां येतें, एवढें आम्हीं त्यास सांगितलें. "मग मराठींत कां नाहीं?" असें त्यानें विचारलें. धाकट्या सूनबाई दारांतून ऐकत होत्या, त्या हंसल्या. पण आमच्याकडे पाहून. आम्ही दोन दिवस व्याकरणाचीं पुस्तकें चाळीत आहों.