गृहव्यवस्था : पंखांची खुर्ची

पाठीच्या दोन्ही अंगांस, मस्तकाच्या उंचीवर, पुढें वळलेले दोन पंख असलेली गादीची खुर्ची हल्लीं पुष्कळ दिवाणखान्यांत दिसते. इंग्रज तिला ‘विंग चेअर’ म्हणतात, तर फ्रेंच लोक तिच्या पंखांना कान समजतात. दुकानांत तिचे नमुने इतके असतात कीं, निवड बहुधा कापडाच्या रंगावर होते. परंतु घरांतील वडीलधाऱ्या माणसाच्या रोजच्या बैठकीचा प्रश्न इतक्या वरवर सोडवूं नये, असें आम्हांस वाटतें.

हे पंख केवळ शोभेसाठीं निघालेले नाहींत. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धांत इंग्लंडांत ही खुर्ची प्रचारांत आली. त्या वेळीं भिंतींतील शेकोटीची आंच समोरून लागे आणि दारांखिडक्यांच्या फटींतून गार वारा पाठीमागून येई. पंखांमुळें वारा अडे व ऊब टिके. अठराव्या शतकांत अमेरिकेंतील इंग्रजी वसाहतींत ती बहुधा निजावयाच्या खोलींत असे, व तींत वृद्ध आणि आजारी माणसें बसत. कांहीं खुर्च्यांच्या बैठकीखालीं शौचपात्राचीहि सोय असे. सारांश, ही खुर्ची जितकी ऐटीची, तितकीच शुश्रूषेची आहे.

आतां तिच्या धाटणी पाहूं. राणी ॲनच्या (१७०२–१४) नांवानें चालणाऱ्या धाटणींत पुढचे पाय गुडघ्यासारखे बाहेर वळून खालीं निमुळते होतात. टॉमस चिपेंडेल यांचा नमुन्यांचा ग्रंथ १७५४ सालीं निघाला; त्यांच्या नांवाच्या धाटणींत पुष्कळदां सरळ, चौकोनी पाय आढळतात. डेन्मार्कच्या हान्स वेग्नर यांनीं १९५१ सालीं केलेल्या खुर्चीच्या हातांचीं टोंकें अस्वलाच्या पंजांची आठवण देतात. आर्ने याकोब्सेन यांनीं १९५८ सालीं कोपनहेगन येथील एका हॉटेलासाठीं केलेल्या अंडाकृति खुर्चींत तर पंख वेगळे उरलेच नाहींत. ते पाठींतच मिसळून गेले आहेत.

आपल्याकडे मुंबई-कोंकणच्या हवेंत शेकोटीचें कारण नाहीं. तथापि वातानुकूलित खोलींत मानेवर येणारा गार झोत हे पंख अडवितात, आणि दुपारीं डुलकी लागली तर मान कलंडूं देत नाहींत. मात्र फार खोल पंखांत बसलेल्यास बाजूनें आलेलें माणूस दिसत नाहीं. अशी खुर्ची कोपऱ्यांत भिंतीकडे तोंड करून ठेवली, तर भरल्या घरांत आजोबा एकटे पडतात! यास्तव पंख उथळ घ्यावे व खुर्चीचें तोंड माणसांच्या वर्दळीकडे ठेवावें. पंखांनीं वारा अडवावा, माणसें अडवूं नयेत.

धाटण कोणतीहि आवडो, बसणाऱ्याचे तळवे जमिनीवर पूर्ण टेकले पाहिजेत. बैठक फार खोल वा भुसभुशीत असल्यास गुडघे दुखणाऱ्यास उठवत नाहीं. हात पक्के व रेटून उठतां येईल इतके पुढें आलेले असावे. पावसाळ्यांतील दमटपणा ध्यानांत घेऊन काढून धुतां येतील अशा सुती खोळी कराव्या. आणि जिच्यासाठीं वा ज्याच्यासाठीं खुर्ची घ्यावयाची, त्या माणसास शक्य तर दुकानांत सोबत न्यावें, पाव तास बसवावें व कोणाचा हात न धरतां उठावयास सांगावें. तें सहज उठलें, तर खुर्ची घरीं आणावी. रंगाचा विचार त्यानंतर.