नोकरी लागली, आता शिकायचे काय?

मुलाला किंवा मुलीला सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी लागली की घरात पेढे येतात, मोहल्ल्यात नाव होते आणि अम्मी-अब्बांच्या जिवाला स्वस्थता मिळते. पण तीन-चार वर्षांनी त्याच घरांतून दुसरा प्रश्न कानी येतो. बरोबरचे पुढे गेले, आपला मुलगा आहे तिथेच का राहिला? मग कुणीतरी सल्ला देतो, अमुक क्लास लावा, तमुक कोर्स करा. हजारो रुपयांची फी कधी अब्बांच्या बचतीतून जाते, तर कधी अम्मीच्या बांगड्या गहाण पडतात. या महिन्यात आम्हाला त्या फीबद्दलच बोलायचे आहे. कारण मुलाला पुढे जाण्यासाठी जे हवे असते, ते पुष्कळदा त्या क्लासात मिळत नाही.

सॉफ्टवेअरच्या धंद्यात काही गोष्टी येतात आणि जातात, तर काही टिकतात. एके काळी 'फ्लॅश' शिकलेल्या मुलांना चांगली मागणी होती. ३१ डिसेंबर २०२० रोजी अ‍ॅडोबीने त्याचा आधार काढून घेतला आणि ते कौशल्य निकालात निघाले. दुसरीकडे, एडगर कॉड यांनी १९७० साली माहिती तक्त्यांच्या रूपात साठवण्याची रीत मांडली. तिच्यावरच उभी राहिलेली एसक्यूएल ही भाषा आज पन्नास वर्षांनंतरही बँकांपासून रेल्वेच्या आरक्षणापर्यंत सगळीकडे लागते. नवे साधन शिकावे लागते, त्यात वाद नाही. पण ज्याचा पाया पक्का, त्याला नवे साधन काही आठवड्यांत हाती येते. पाया कच्चा असेल तर दर दोन वर्षांनी नवी फी भरावी लागते.

हा पाया म्हणजे काय? एक उदाहरण आपल्या घरातलेच घेऊ. 'अल्गोरिदम' हा शब्द ज्यांच्या नावावरून आला त्या अल-ख्वारिज्मींनी नवव्या शतकात बगदादमध्ये बीजगणितावर ग्रंथ लिहिला. वारसा, वसीयत, वाटणी, व्यापार यांत लोकांना रोज लागणारा हिशेब सोपा व्हावा, हा हेतू त्यांनी प्रस्तावनेत सांगितला आहे. ग्रंथाचा मोठा भाग वारसा आणि वसीयतीच्या गणितांनीच भरलेला आहे. म्हणजे आधी माणसांची अडचण पाहिली, मग रीत शोधली.

आता समजा, आपल्या मुलाने किंवा मुलीने सरावासाठी एक छोटा प्रोग्राम लिहायला घेतला. वारस आणि मालमत्ता सांगितली की प्रत्येकाचा हिस्सा दाखवायचा. पहिल्या दिवशी काम सोपे वाटते. हिस्सा ठरलेला आहे, रकमेला गुणले की झाले. दुसऱ्या दिवशी एक प्रकरण समोर येते. एक बाई वारली. मागे नवरा आणि दोन सख्ख्या बहिणी. मूलबाळ नाही, आई-वडील नाहीत, दुसरा वारस नाही. नवऱ्याचा हिस्सा निम्मा, दोन बहिणींचा मिळून दोन तृतीयांश. मालमत्ता ४२ लाखांची असेल तर प्रोग्राम नवऱ्याला २१ लाख आणि बहिणींना २८ लाख दाखवतो. बेरीज ४९ लाख! जे नाही ते वाटून टाकले, आणि संगणकाने हूं की चूं केले नाही.

हनफी फिक्हमध्ये अशा प्रसंगासाठी 'औल'चा नियम आहे. सहा भागांतले तीन आणि चार मिळून सात होतात, म्हणून मालमत्तेचे सातच भाग करायचे. नवऱ्याला तीन भाग, म्हणजे १८ लाख, आणि बहिणींना चार भाग, म्हणजे प्रत्येकी १२ लाख. हे कोणत्याही कोडिंगच्या क्लासात शिकवत नाहीत. त्यासाठी जाणत्या आलिमांकडे जाऊन बसावे लागते, विचारावे लागते. विचारले की आणखी कळते की दफनविधीचा खर्च, कर्ज आणि वसीयत आधी वजा होते, मग वाटणी. हा प्रोग्राम अभ्यासापुरताच असावा, खरी वाटणी आलिम आणि वकील यांना विचारूनच करावी, हे वेगळे सांगायला नको.

या एका छोट्या कामात काय काय शिकून झाले ते पाहा. एक, ज्याचे काम करायचे त्याचा विषय आधी समजून घ्यावा लागतो. दोन, 'सर्व हिश्शांची बेरीज मालमत्तेइतकीच आली पाहिजे' अशी चाचणी आधी लिहून ठेवली असती तर चूक पहिल्याच दिवशी पकडली गेली असती. तीन, आकड्यांचा स्वभाव. पायथॉनमध्ये ०.१ आणि ०.२ यांची बेरीज करून पाहा, नेमके ०.३ येत नाही, शेवटी एक बारीकसा जादा अंश चिकटलेला दिसतो. संगणक आकडे बायनरी म्हणजे द्विमान पद्धतीत साठवतो, त्यामुळे हे होते. म्हणून पैशाचा हिशेब पूर्ण पैशांत ठेवावा आणि हिस्से अपूर्णांकांतच राहू द्यावेत. चार, केलेला प्रत्येक बदल 'गिट'मध्ये नोंदवावा. लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ साली बनवलेले हे साधन फुकट आहे आणि बहुतेक कंपन्यांत रोज वापरले जाते. पाच, हा प्रोग्राम काय करतो आणि काय करत नाही, हे एका पानात साध्या भाषेत लिहून ठेवावे.

कंपनीत बढती याच गोष्टींवर मिळते. नवख्याला काय करायचे ते सांगितले जाते. अनुभवी माणसाकडे नुसती अडचण सोपवली जाते, आणि तिच्यातून काम शोधून काढणे हे त्याचे काम असते. म्हणून आपल्या टीममधल्या जाणत्यांनी लिहिलेला कोड रोज थोडा वाचावा. आपल्या कोडवर कुणी शेरे मारले तर मन खट्टू करून घेऊ नये, त्यातून फुकटात शिकायला मिळते. प्रश्न विचारताना तीन गोष्टी सांगाव्यात: काय हवे होते, काय करून पाहिले, प्रत्यक्षात काय झाले. असा प्रश्न विचारणाऱ्याला कुणी टाळत नाही.

आता चॅटजीपीटीसारखी साधने कोड लिहून देतात. मग शिकायचे कशाला, असे मुले विचारतात. वरचेच उदाहरण घ्या. त्या साधनाने ४९ लाखांची वाटणी दाखवली तर ती चूक कोण ओळखणार? ज्याला विषय माहीत आहे आणि ज्याने चाचणी लिहिली आहे तोच. साधन जरूर वापरावे, पण जी ओळ आपल्याला समजावून सांगता येत नाही ती कामात घालू नये.

फीकडे परत येऊ. आयआयटींनी चालवलेल्या 'एनपीटीईएल'चे आणि सरकारच्या 'स्वयम'चे अभ्यासक्रम घरबसल्या मोफत पाहता येतात. परीक्षा देऊन प्रमाणपत्र हवे असेल तरच फी लागते. हार्वर्डचा 'सीएस५०' हा पायाभूत अभ्यासक्रमही मोफत शिकता येतो. आधी यातला एक पूर्ण करून दाखव, मग क्लासचे बघू, असे मुलाला प्रेमाने सांगायला हरकत नाही. तरीही क्लास लावायचाच असेल तर मागच्या तुकडीतल्या दोन-तीन मुलांना स्वतः भेटावे. नोकरीची हमी देत असतील तर अटी लेखी मागाव्यात. लेखी द्यायला कुणी कचरत असेल, तर बांगड्या घरातच राहू द्याव्यात.

एक गोष्ट मात्र घरानेच द्यायची असते, ती म्हणजे वेळ. मुलगा लॅपटॉप घेऊन बसला की चहा टेबलावर जातो. मुलगी किंवा सून बसली की तिला स्वयंपाकघरातून हाक येते. बाळंतपणानंतर दोन वर्षे घरी राहिलेली सून कामावर परतायचे म्हणते, तेव्हा तिला हुशारीपेक्षा रोजचा एक निवांत तास कमी पडतो. तो तास सासूबाईंनी ठरवून दिला आणि त्या वेळी मूल सांभाळायला नवरा बसला, तर त्याची किंमत कोणत्याही कोर्सपेक्षा मोठी आहे.

या महिन्यात एवढेच करून पाहा. घरातल्या सॉफ्टवेअरवाल्या मुलाला किंवा मुलीला जेवताना विचारा, 'या आठवड्यात काय अडले, आणि ते कसे सुटले?' उत्तर समजले नाही तरी चालेल. सांगावे लागते म्हणून तरी ते आठवड्याचा विचार करतील. ज्याला आपले काम अम्मीला समजेल अशा शब्दांत सांगता येते, त्याला ते साहेबांनाही सांगता येते.