पुण्यात एक मावशी हवी

जून-जुलै आला की पुण्यात 'कॉट बेसिस'च्या पाट्या लागतात. गावाकडून आई-वडील येतात, फी भरतात, हॉस्टेलला नंबर लागला नाही तर पेठेत खोली शोधतात. बादली, चादर, कुलूप घेऊन देतात आणि रात्रीच्या एसटीने परत फिरतात. मैत्रिणींनो, मुलीचं खरं कॉलेज त्या रात्री सुरू होतं.

लातूर-यवतमाळच्या मुलीला निदान भाषा तरी येते. ("तुझं मराठी कसं गं वेगळंच!" हे ऐकून तीही पहिले दोन महिने वर्गात तोंड उघडत नाही, ते निराळं.) पण मणिपूर, आसाम, बिहार किंवा काश्मीरहून आलेल्या पोरीचं काय? घरमालकीण पहिल्याच दिवशी नियम सांगते. हे शिजवायचं नाही, ते आणायचं नाही, मैत्रिणी यायच्या नाहीत. रस्त्यावर कुणीतरी विचारतं, "तू चायनीज का?" वर्गात ग्रुप आधीच पडलेले असतात. मेसच्या कोपऱ्यात एकटी बसून ती डाळ-भात गिळते आणि रात्री फोनवर आईला सांगते, "सगळं छान आहे."

हे काही नाजूकपणाचं रडगाणं नव्हे. आसाममधल्या हिंसाचारानंतर ऑगस्ट 2012 मध्ये पुण्यात ईशान्येकडच्या काही तरुणांना मारहाण झाली, मोबाईलवरून अफवा पसरल्या, आणि विद्यार्थी मिळेल त्या गाडीने गुवाहाटीकडे निघाले. बंगळुरू, हैदराबादेतही तेच झालं. सरकारला एसएमएसवर मर्यादा घालावी लागली. वर्षानुवर्षं इथे राहिलेल्या मुलांना एका अफवेनं शहर परकं वाटावं, याचा अर्थ आधीही ते त्यांना आपलं वाटलं नव्हतं. शेजारच्या चार घरांशी जाणं-येणं असतं, तर कुणीतरी दार वाजवून म्हणालं असतं, "कुठे निघालीस? आम्ही आहोत ना!"

मे 2023 मध्ये मणिपूर पेटलं आणि तिथलं इंटरनेट कित्येक महिने बंद राहिलं. मैतेई आणि कुकी, दोन्हीकडच्या मुली देशभरातल्या कॉलेजांत होत्या. घरच्यांचं तोंड दिसेना, घरून पैसे यायची पंचाईत. अशा वेळी फी भरायला मुदत देणारे प्राचार्य, "भाड्याचं पुढच्या महिन्यात बघू" म्हणणारी मालकीण, यांचं मोल कुठल्या मार्कशीटवर येत नाही.

आपल्याला याचं नवल वाटायला नको. आनंदीबाई जोशींची गोष्ट आपण 'पहिली डॉक्टर' एवढ्यावर संपवतो. पण 1883 साली अठरा वर्षांची ही मुलगी एकटी अमेरिकेला गेली, ती कुणाच्या भरवशावर? न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या कार्पेंटरबाईंच्या. दातांच्या डॉक्टरकडे वाट बघत बसलेल्या या बाईंनी एका मासिकात गोपाळरावांचं पत्र वाचलं आणि आपणहून लिहिलं. ना नातं, ना जात, ना धर्म! आनंदीबाई त्यांना 'मावशी' म्हणू लागल्या. पुढे फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय कॉलेजात थंडीनं, धुरकट खोलीनं तब्येत खालावली, तरी 1886 च्या मार्चमध्ये पदवी घेतलीच. पुढच्या फेब्रुवारीत त्या पुण्यात वारल्या, तेव्हा रक्षा त्या मावशीकडे पाठवली गेली. कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत ती आजही आहे. परक्या मुलीला असं घरात घेणारी बाई आज आपल्या सोसायटीत किती मिळतील, मला शंका आहे.

पुण्याला ही परंपरा नाही असं नाही. अण्णासाहेब कर्व्यांनी 1896 मध्ये विधवांसाठी आश्रम काढला, तो पुढे हिंगण्याला गेला. तिथे शिक्षणाइतकंच महत्त्व एकत्र राहण्याला होतं. अच्युतराव आपट्यांनी 1955 मध्ये विद्यार्थी सहाय्यक समिती सुरू केली, ती खेड्यातल्या गरजू मुलांच्या राहण्या-जेवणासाठी. विद्यापीठाची 'कमवा व शिका' योजना आहे. त्यात हाताला काम मिळतं आणि कामावर ओळखीही होतात. माझ्या मते हा दुसरा फायदा मोठा.

कॉलेजांनी फार काही करायला नको. प्रत्येक नव्या मुलीला पहिल्या आठवड्यात एक वरच्या वर्गातली मुलगी जोडून द्यावी. बँकेचं खातं, बसचा पास, डॉक्टर कुठे, मेस कुठली बरी, हे दाखवायला. दिवाळीच्या सुट्टीत हॉस्टेल बंद करताना, जिचं गाव तीन दिवसांच्या प्रवासावर आहे ती जाईल कुठे, हे आधी विचारावं.

आणि गावाकडच्या मैत्रिणींनो, हे फक्त पुणेकरांचं काम समजू नका हं. तुमच्याही गावच्या इस्पितळात केरळची नर्स असते. ओणमला तिला कुणी घरी जेवायला बोलावतं का?

तुमची लेक यंदा बाहेर निघाली असेल, तर फोनवर "अभ्यास झाला का?" याआधी "आज कुणाबरोबर जेवलीस?" असं विचारा. सलग आठवडाभर उत्तर "एकटीच" आलं, तर रविवारची गाडी पकडा. तिच्या वहीच्या पहिल्या पानावर रॅगिंगविरोधी हेल्पलाइनचा नंबर लिहून द्या: 1800-180-5522. फोन चोवीस तास चालतो.